डावीकडची जागा

चारुदत्त पांढरीपांडे यांचा देवावर विश्वास होता, पण मोजपट्टीवर जरा जास्त. दारव्ह्याच्या पाटबंधारे कचेरीत ते सव्वीस वर्षं अनुरेखक होते. म्हणजे साहेबांनी पेन्सिलीनं नकाशा काढायचा आणि चारुदत्तांनी तो शाईनं उतरवून घ्यायचा. दुसऱ्यांच्या रेघांवरून हात फिरवता फिरवता केस पांढरे झाले, पण त्यांची एक रेघ कुणाला वाकडी सापडली नाही. भिंतीवरचं कॅलेंडर तिरपं लागलं तरी ह्या गृहस्थांच्या घशाखाली घास उतरत नसे. त्यांची बायको कुंदा म्हणायची, "ह्यांच्याशी भांडायचं असेल तर बोलायची गरज नाही, सतरंजी वाकडी घातली की झालं."

अशा माणसानं सत्तावन्न सालची, चारही टायर बसलेली जीप विकत घ्यावी, हे गावात कुणालाच पटलं नाही. दोन हजार सहाचा उन्हाळा होता. कापसाला भाव नव्हता, जिनिंगच्या फाटकांना कुलपं होती, आणि गावोगाव चौकशीला येणाऱ्यांच्या पांढऱ्या गाड्या तेवढ्या धुरळा उडवत फिरत होत्या. लोक असलेलं विकत होते आणि पांढरीपांडे भंगार घेत होते. पण त्याला कारण होतं, आणि त्या कारणाचं नाव मिताली.

मिताली त्यांची एकुलती एक लेक. बारावी झालेली, हातात पेन्सिल असली की भान नसणारी. पुण्याच्या कॉलेजात आर्किटेक्चरला तिचा नंबर लागणार हे जवळजवळ नक्की होतं. "मी जन्मभर दुसऱ्यांच्या रेघा गिरवल्या, माझी पोरगी स्वतःच्या काढील," हे चारुदत्तांनी कचेरीत इतक्यांदा ऐकवलं होतं की शिपाई ते पाठ म्हणून दाखवायचा. पण पुणं म्हणजे फी, खोली, खानावळ. पगारात ते बसत नव्हतं. जुन्या गाड्या नीट करून विकायचा त्यांना नाद होता. दोन स्कूटर त्यांनी चांगल्या भावानं काढल्या होत्या. ही जीप जमली तर मिताली पुण्याला जाणार, नाही जमली तर दारव्ह्यातच बी.ए. करणार. गोष्ट इतकी सरळ होती.

जीप होती बोरी अरबला, मारोतराव गावंडे यांच्या गोठ्यात. चारुदत्तांनी भीतभीत तेवीस हजार म्हटलं आणि मारोतराव नुसतं "न्या" म्हणाले. घासाघीस नाही, चहा नाही. फक्त एक विचारलं, "तुमच्याकडं ढोरंढारं आहेत का काही?" चारुदत्त हसून म्हणाले, "अहो, आमच्याकडं मांजरसुद्धा नाही." मारोतरावांनी मान हलवली. गोठ्यात जनावर नव्हतं. जीपच्या डाव्या अंगाला एक खुंटा आणि त्याला दावं तेवढं होतं. मारोतरावांची बायको मैनाबाई चुलीकडं तोंड करून बसली होती, ती गाडी फाटकाबाहेर ओढून नेईपर्यंत तशीच बसून राहिली.

गिऱ्हाईकही लवकर मिळालं. पुण्याचे श्रीकृष्ण वैशंपायन, जुन्या गाड्या जमवणारे. फोनवर त्यांनी पहिल्याच दमात सांगितलं, "पांढरीपांडे, रंग आणि गाद्या मला सांगू नका. ते कुणीही करतं. मी पैसे देतो ते फ्रेमचे. फ्रेम मूळची असेल, सरळ असेल, नंबर वाचता येत असेल, तर दोन लाख चाळीस. नाहीतर तुम्ही घेतली त्याच्यावर पाच हजार देतो."

फ्रेम म्हणजे गाडीचा सांगाडा. दोन लांब पोलादी तुळया आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या. आमच्याकडचे मिस्त्री तिला चासी म्हणतात. गोपाल मिस्त्रीला हा सगळाच उद्योग वेडपटपणाचा वाटला. गोपालचं गॅरेज बोरी अरबच्या रस्त्यावर होतं. चाळिशीचा, अंगानं आडवा माणूस. हात सोन्याचा, तोंड मात्र अखंड चालू.

"चासी कायले उघडता साहेब? वरून मस्त हिरवा रंग हाणू, शीटा करू. खाली वाकून कोन पाह्यते?"

"पुण्याचा माणूस पाहतो."

"पुन्याचा मानूस!" गोपालनं कपाळाला हात लावला. "चाळीस हजार जातीन चासीत. मंग तेवढे वर येतीन का?"

"पाचपट येतील. पण सरळ झाली तर."

घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये बॉडी उतरवली, इंजिन काढलं आणि चासी चार लोखंडी घोड्यांवर चढवली. चारुदत्तांनी चारी कोपऱ्यांतून ओळंबे सोडले, फरशीवर खडूनं खुणा केल्या आणि दोन्ही कर्ण मोजले. आखणी काटकोनी असेल तर दोन्ही सारखे यायला हवेत. फरक पाच सूत आला, म्हणजे अर्ध्या इंचाहून थोडा जास्त. पुढचा भाग डावीकडं ओढलेला होता.

गोपालनं तुळयांवरून बोटं फिरवली आणि तो गप्प झाला. गोपाल गप्प होणं हीच बातमी होती.

"ठोकलेली नाई ही," तो म्हणाला. "ठोकली असती तर चुनी पडली असती, पत्रा चुरगळला असता. इथं काहीच नाई. हे जनू..." त्यानं तुळईवरून पुन्हा बोट फिरवलं. "रेलून राह्यली साहेब ही."

भारनियमनामुळं वीज सकाळी चार तास असायची. तेवढ्या वेळात गोपालनं चासी गरम केली, साखळी आणि जॅक लावून ओढली, शून्यावर आणली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाच सूत. पुन्हा ओढली, पुन्हा पाच सूत. साडेचार नाही, सहा नाही. चारुदत्तांनी लोखंडाच्या गुणधर्मावर त्याला छोटं व्याख्यान दिलं, जुनं पोलाद ताण धरून ठेवतं वगैरे. गोपालनं ते ऐकून घेतलं आणि तिसऱ्यांदा साखळी लावली. चौथ्या वेळी त्यानं साखळी खाली ठेवली. "पोळा होऊ द्या," तो म्हणाला, "मंग पाहू." वैशंपायनांचे दोन फोन येऊन गेले होते, आणि मितालीचं नाव पुण्याच्या यादीत लागलं होतं. जागा राखायला सप्टेंबरच्या मध्यापर्यंत मुदत होती. चारुदत्तांना झोप लागेनाशी झाली.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहिलेल्या बैलाचे खांदे शेकायचे, हळद-लोणी चोळायचं, आणि त्याला घरच्या माणसासारखं आमंत्रण द्यायचं. पांढरीपांड्यांकडं बैल मातीचे. ते पाटावर मांडून कुंदानं पूजा केली. लोण्याची वाटी घेऊन मिताली मागच्या दारी आली तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते. गोपाल घोडे नीट लावत होता. शेडमध्ये बऱ्यापैकी ऊन होतं.

"गोपालकाका, तुमचा बैल काहून रुसून राह्यला?" ती म्हणाली.

"खांदा दुखून राह्यला असंन बाई त्याचा."

झालं. पोरीला तेवढंच हवं होतं. ती चासीच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिली. जिथं पुढचे पाटे, म्हणजे स्प्रिंगा, अडकवतात तिथं तिनं पळसाच्या पानानं हळद-लोणी चोळलं, आधी इकडं, मग हात लांब करून तिकडं, आणि गावातल्या बाया म्हणतात तसं हात जोडून म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

सगळे हसले. कुंदा म्हणाली, "बैलाला तरी पुरणपोळी चालते, ह्याला काय ऑइल वाढशील का?" चारुदत्तही हसले. कितीतरी दिवसांनी हसले.

पोळ्याच्या दिवशी सकाळी कसलीही आशा न ठेवता त्यांनी कर्ण मोजले. शून्य.

त्यांनी टेप बदलली. शून्य. ओळंबे काढून पुन्हा सोडले. शून्य. सणाच्या दिवशी ते लुंगीवरच गोपालच्या घरी धावले. गोपालनं बैलांना लावायचा हिंगूळ तसाच टाकला, वीज जायच्या आत आडव्या पट्ट्या वेल्डिंगनं पक्क्या केल्या, आणि मग दोघंजण शेडबाहेर बसून वेड्यासारखे हसत राहिले. चारुदत्तांनी वैशंपायनांना फोन केला. मिताली पुण्याला जाणार होती.

दोन दिवसांनी मिताली म्हणाली, "आई, माझा खांदा दुखतो."

कुंदानं तेल चोळून दिलं. ओझं उचललं असशील, वेडीवाकडी झोपली असशील. आठवड्यानं तेल चोळताना तिचा हात थांबला. मानेच्या मुळाशी, खांद्यावर, चार बोटं रुंदीची कातडी राठ झाली होती. लव गेलेली, रंग काळपट. चारुदत्तांनी चष्मा लावून पाहिलं. शेतावर मोजणीला फिरताना असा घट्टा त्यांनी शेकडो वेळा पाहिला होता. माणसाच्या अंगावर नव्हे.

डॉक्टर म्हणाले पिशवीच्या पट्ट्यानं झालं असेल. मलम दिलं.

मिताली मात्र तक्रार करेनाशी झाली. वही घेऊन शेडमध्येच बसायची, चित्रं काढायची. बसायची नेहमी डाव्या अंगाला. उन्हाची तिरीप सरकत तिच्या तोंडावर आली तरी जागा बदलायची नाही. गोपाल म्हणाला, "बाई, जराशी सरक, मले इकून ब्रेकचा पाइप टाकाचा आहे." ती सरकली. चासी करकरली. लाकडी वासा उन्हानं करकरतो तसा बारीक आवाज, पण गोपालनं हातातला पाना खाली ठेवला. त्यानं चारुदत्तांकडं पाहिलं. ब्रेकचा पाइप त्यानं मग उजव्या बाजूनं, पालथा पडून टाकला.

चारुदत्त माप घेणारे गृहस्थ. त्यांनी जे केलं ते त्यांच्या स्वभावाला धरूनच होतं. त्यांनी मितालीला वाण्याकडं पाठवलं आणि कर्ण मोजले. अर्धा सूत. ती परत आली, शून्य. दुसऱ्या दिवशी तिला मैत्रिणीकडं पाठवलं, तीन तासांसाठी. दीड सूत. तिच्या चपला फाटकाशी वाजल्या आणि त्यांच्या डोळ्यांदेखत ओळंब्याचं टोक हळूहळू सरकून खडूच्या खुणेवर येऊन थांबलं. ते तिथंच डब्यावर बसले.

"काय झालं बाबा?"

"काही नाही. पाणी आण."

त्यांनी तिला यवतमाळला कोकिळाआत्याकडं पाठवलं, दोन दिवसांसाठी. त्यांना खात्री करून घ्यायची होती, आणि त्याबद्दल त्यांनी स्वतःला पुढं कधी माफ केलं नाही. पहिल्या संध्याकाळी चासी चार सूत डावीकडं गेली होती आणि गोपालच्या ताज्या वेल्डिंगला चीर पडली होती. दुसऱ्या सकाळी कोकिळाआत्याचा फोन आला. पोरगी आल्यापासून जेवत नाही, ताप नाही, दुखत नाही, नुसती दारव्ह्याच्या दिशेच्या खिडकीत उभी आहे.

चारुदत्त मिळेल त्या गाडीनं गेले आणि तिला घेऊन आले. घरी पाऊल टाकताच तिनं दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. मग ती मागच्या दारानं शेडकडं गेली.

ते दुसऱ्या दिवशी बोरी अरबला गेले. मारोतराव घरी असून बाहेर आले नाहीत. मैनाबाई ओसरीवर तुरीची डाळ पाखडत होती. चारुदत्तांना पाहून तिचं सूप थांबलं.

"कोनाले धरलं?" तिनं विचारलं.

चारुदत्तांना वाटलं होतं, आपल्याला खूप समजावून सांगावं लागेल, लोक हसतील. हे दोनच शब्द ऐकून ते ओसरीच्या पायरीवर बसले आणि रडले.

मैनाबाईनं सांगितलं ते थोडकंच होतं. नऊ सालांमागं त्यांच्या जोडीतला उजवा बैल साप चावून गेला. डावा उरला. पोळ्यात एकट्या बैलाला तोरणाखाली उभं करत नाहीत.

"याईले लय वाईट वाटे," ती आतल्या खोलीकडं हात करून म्हणाली. "लाडाचा बैल. मंग थट्टेथट्टेत जीपचीच खांदशेकणी केली. तिलेच आवतन देल्लं. जोड म्हून तोरनाखाली उभी केली दोघायले. लोकं हासले, आमीबी हासलो. दुसऱ्या दिवसापासून बैल तिले सोडून जाये ना. वखराले नेला तरी मान गोठ्याकडं. नऊ सालं तो तिच्या डाव्या अंगाले उभा राह्यला."

"मग?"

"मंग यंदा गाडी विकाले काढली. गिऱ्हाइकायले दिसावी म्हून सडकेवर नेऊन उभी केली. तवापासून बैलानं घास नाई घेतला. आमी घाबरून गाडी परत आनली, पन तवर उशीर झाल्ता. चवथ्या दिवशी सकाळी गेला तो."

"तुम्ही मला सांगितलं काहून नाही?"

मैनाबाई त्यांच्याकडं बघत राहिली. तिच्या नजरेत खोटेपणा नव्हता. "सांगतलं असतं तर नेली असती तुमी?" मग हळूच म्हणाली, "तुमच्या घरी ढोर नाई, हे याईनं विचारून घेतलतं ना."

"सुटायचा काही उपाय?"

"आवतन देल्लं दादा. आता कसं उठवता?"

परतीच्या रस्त्यावर दोन्हीकडं कपाशीची पानं लाल पडलेली होती. चारुदत्त मोटारसायकल हळू चालवत होते. चासी कापून टाकावी, तर बैलाचं काय झालं ते आत्ताच ऐकलं होतं. विकावी, तर तेच. ठेवून घ्यावी, तर मितालीनं जन्मभर त्या शेडमध्ये उभं राहायचं. एवढी भीती त्यांना आयुष्यात कधी वाटली नव्हती. आणि ती कुणाला सांगायची सोय नव्हती; कुंदालाही त्यांनी अर्धंच सांगितलं.

सप्टेंबरच्या दहा तारखेला वैशंपायन आले. गोपालनं वेल्डिंगची चीर भरून जीप उभी केली होती, हिरवीगार, टायर नवे. वैशंपायन म्हणजे उंच, गोरे, हसरे गृहस्थ. सोबत बायको होती, बसंतीबाई; तिनं येताच मितालीच्या चित्रांची वही मागून घेतली. चारुदत्तांनी रात्रभर वाक्य पाठ केलं होतं : माफ करा, विकायची नाही.

वैशंपायन गाडीखाली शिरले. स्वतःची दोरी लावली, स्वतःची टेप. मिताली डाव्या बाजूला उभी होती, कपड्यांवर एक डाग न पडू देता, शांत.

ते बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "पांढरीपांडे, पस्तीस वर्षं मी फ्रेमा मोजतोय. कारखान्यातून निघाली तेव्हासुद्धा ही एवढी सरळ नसेल. अडीच देतो."

चारुदत्तांनी तोंड उघडलं.

"द्या ना बाबा," मिताली म्हणाली. "ती पुण्यालाच जाऊन राह्यली. मी पण पुण्यालाच जाणार आहे."

कुणी काही बोलायच्या आत बसंतीबाई म्हणाल्या, "आणि हॉस्टेल कशाला? आमच्याकडं वरची खोली रिकामी आहे. गॅरेजच्या बरोबर डोक्यावर. मुलगा परदेशात, आम्ही दोघंच. पोरगी राहिली तर घरात आवाज होईल."

चारुदत्तांच्या तोंडून प्रश्न गेला तो असा, "गॅरेजपासून खोली किती फुटांवर?"

वैशंपायन हसले. "अहो, बारा फूट असेल. का हो, पेट्रोलचा वास येईल म्हणून?"

"आणि गाडी तुम्ही विकणार नाही?"

"मी गाड्या जमवतो, पांढरीपांडे. विकत नाही."

"शब्द द्या."

वैशंपायनांनी बायकोकडं पाहिलं, खांदे उडवले आणि त्यांच्या हातावर हात दिला. खरं कारण चारुदत्तांनी सांगितलं नाही. ओठांवर आलं होतं. पण त्या क्षणी त्यांना मैनाबाईची नजर आठवली. हे ऐकून ह्यांनी गाडी नेली असती का, पोरीला घरात घेतलं असतं का?

ट्रकच्या केबिनमध्ये मितालीची ट्रंक चढली. जीप मागं, मिताली पुढं. कुंदा पदर तोंडाला लावून हात हलवत होती. चारुदत्तांनी ट्रक दिसेनासा होईपर्यंत हात हलवला आणि मग शेडमध्ये जाऊन फरशीवरच्या खडूच्या खुणा ओल्या फडक्यानं पुसून काढल्या.

आणि खरं सांगायचं तर सगळं चांगलं चाललं. दर रविवारी दुपारी फोन व्हायचा. मिताली अभ्यासाबद्दल बोलायची, पुण्याच्या पुलांबद्दल बोलायची. दिवाळीला ती घरी आली नाही, हेच दोघं गेले. पोरगी अंगानं भरली होती. गॅरेजच्या पायरीवर बसून कागदावर जिना काढत होती, आणि रेघ इतकी निर्भय होती की चारुदत्तांचे डोळे भरून आले. खांद्यावरून ती आता ओढणी काढत नसे. त्यांनीही विषय काढला नाही. परतीच्या गाडीत ते कितीतरी महिन्यांत पहिल्यांदा गाढ झोपले.

फेब्रुवारीतला रविवार होता. दुपारचा एक. कुंदा ताटं घेत होती. फोन वैशंपायनांनीच केला होता आणि ते अतिशय खुशीत होते.

"पांढरीपांडे, तुमच्या फ्रेमनं कमाल केली! मुलाच्या ओळखीचा एक जण, तिकडचा, मोठा संग्राहक. मापं पाठवली तर विश्वासच बसेना. स्वतः येऊन मोजून गेला. किती दिले सांगा?"

चारुदत्तांनी रिसीव्हर दुसऱ्या हातात घेतला.

"साडेनऊ लाख! शब्द दिला होता मी, मान्य आहे, रागावू नका. मितालीच्या फीचं मी बघतो, पुढची चारही वर्षं. पण एवढ्याला नाही कोण म्हणेल? अहो, आमच्यातले लोक वाद घालत बसतात, फ्रेम केल्यानं खरंच किंमत वाढते का म्हणून. आता माझ्याकडं या म्हणावं."

"कधी नेणार आहेत?" त्यांनी विचारलं.

"नेणार कसले? नेली. गुरुवारी सकाळी मुंबईला गेली. आता बोटीवर असेल."

गुरुवार. चारुदत्तांनी बोटं मिटली. गुरुवार, शुक्रवार, शनिवार.

"मिताली..." ते म्हणाले.

"आहे की. सुट्टीच आहे आज. खाली गॅरेजमध्ये आहे, आता रिकामंच झालं ना ते. कागद पसरायला ऐसपैस जागा झाली पोरीला."

आतून कुंदा ओरडली, "तिला विचारा हो, जेवली का?"

त्यांनी विचारलं.

"तेच ही म्हणत होती कालपासून," वैशंपायन म्हणाले. "भूक नाही म्हणते. परीक्षेचं टेन्शन असेल. थांबा, देतो तिला. फोन जिन्यापाशीच आहे."

रिसीव्हर ठेवल्याचा आवाज आला. चपला जिन्याच्या तीन पायऱ्या उतरल्या. लोखंडी दार सरकलं.

"मिताली, बाबांचा फोन आहे गं."

कुठंतरी लांब एक रिक्षा गेली.

"मिताली?"

तिसरी हाक वैशंपायनांनी तिला मारली नाही. बायकोला मारली.